साडेचार ते पावणेदहा

फोन येतो तो साधारण सकाळी दहा-सव्वादहाला, मी ऑफिसात असताना. "बेन, डीजे छे?" मी म्हणते, हो, बोला. "केटला टॉप, केटला बेस?"

इथे गाडी अडते. बडोद्यात, आणि आता बहुधा सगळीकडेच, डीजे हा माणूस राहिलेला नाही. डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली भिंत. वर टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, खाली अठरा इंचांचे बेस, म्हणजे खालच्या सुरांचे, मागे धूर सोडणारा जनरेटर. वरातीत ‘डीजे आला’ अशी आरोळी उठते तेव्हा टेम्पो आलेला असतो. मी फोनवरच्या माणसाला सांगते की माझ्याकडे टॉपही नाहीत आणि बेसही नाहीत, एक पेनड्राइव्ह आणि एक हेडफोन आहे. तो जरा थांबतो. मग नुकतंच सुरू केलंय का, असं अगदी मायेने विचारतो, "हमणां ज शरू कर्युं छे?"

सतरा वर्षं झाली.

आठवड्याचे सहा दिवस मी नंदेसरीतल्या एका केमिकल कंपनीत हिशेब बघते. महिन्यातून एका रविवारी वाजवते. अटलादऱ्याच्या पुढे एका मैत्रिणीच्या सासऱ्यांचं पत्र्याचं रिकामं गोदाम आहे, तिथे. साठ-सत्तर माणसं येतात. निम्मी युनिव्हर्सिटीची, त्यातही फाइन आर्ट्सची जास्त. दोन डेंटिस्ट, एक सराफ, आणि एक काका, जे पहिल्यांदा चुकून आले होते आणि आता चुकत नाहीत. वेळ दुपारी साडेचार ते रात्री पावणेदहा. लाउडस्पीकरला दहाची मर्यादा आहे आणि गोदामाला लागून वस्ती आहे, म्हणून पावणेदहा म्हणजे पावणेदहा. परगावच्या मित्रांना याचं हसू येतं. त्यांच्याकडे पावणेदहाला डीजे अंघोळ करत असतो.

आणि दारू नाही. गुजरात १९६० साली वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. ती कितपत पाळली जाते हा वेगळ्या लेखाचा विषय, आणि तो लेख मी लिहिणार नाही. पण आमच्या गोदामात ती कडक पाळली जाते, कारण मैत्रिणीचे सासरे. तर कोपऱ्यात एक मोठा माठ असतो आणि त्यात ताक. जिरं, कोथिंबीर, मीठ. बाहेर एक लारीवाला सेव उसळ घेऊन उभा राहतो, तरी वेगळ्या पातेल्यात.

हे सगळं आधी सांगायचं कारण, माझी वर्षाअखेरची यादी, त्या वर्षीच्या उत्तम अंडरग्राउंड डान्स ट्रॅकची, या माठावरून ठरते.

मुंबईत दोन पेग पोटात गेले की साधारण ट्रॅकही चालून जातो. लोकांना नाचायचंच असतं, तुम्ही फक्त आडवे येऊ नका. इथे शुद्धीवर असलेली माणसं रविवारी दुपारी, लख्ख उजेडात, एकमेकांची तोंडं दिसत असताना नाचायला येतात. त्यांना लाज वाटते. ट्रॅक जरा जरी सैल पडला तरी हात काय करतायत हे त्यांच्या लक्षात येतं, आणि एकदा ते लक्षात आलं की माणूस ताक प्यायला जातो. मला कन्सोलवरून माठ दिसतो. माठापुढे रांग लागली की तो ट्रॅक गेला. कान, अभिरुची, लेबलचं नाव, परदेशी मासिकांनी काय लिहिलंय, सगळं त्या रांगेपुढे फिकं आहे. माझा नियम असा: निदान तीन वेगवेगळ्या रविवारी वाजवला आणि रांग लागली नाही, तरच ट्रॅक यादीत. हेडफोनवर मला रडू आणणारे कितीतरी ट्रॅक या नियमाने बाहेर गेले. २०२४ची यादी केली तेव्हा चारच नावं उरली.

त्याआधी ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचं. बाबांनी एकदा विचारलं होतं, "तळघरात वाजवता का तुम्ही?" मी म्हटलं, नाही हो, म्हणजे छोट्या लेबलांचं, रेडिओवर न लागणारं, कुणी लग्नात फर्माईश करणार नाही असं. ते म्हणाले, "मग बरंय. बडोद्यात तळघरात जायचं तर जुलैपर्यंतच." तेव्हा आम्ही हसलो होतो.

बाबा २०२४मध्ये चौऱ्याहत्तरचे होते. दांडिया बाजारात वाढले, बँकेत नोकरी केली, संध्याकाळी संगीत महाविद्यालयात तबला शिकले. हे महाविद्यालय म्हणजे सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा. गायक फैयाजखाँसाहेब १९५०मध्ये याच गावात वारले आणि बाबा त्याच वर्षी जन्मले. हे ते अशा सुरात सांगतात की जणू मध्ये काही हस्तांतर झालं होतं. माझ्या संगीताला ते ‘तुझं ते’ म्हणतात. ड्रॉप म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने समजावलं होतं: ठेका काढून घ्यायचा, लोकांना लटकवत ठेवायचं, ताण वाढवायचा, आणि मग एकदम बेस सोडून द्यायचा. त्यांनी ऐकून घेतलं. "ड्रॉप म्हणजे पडणंच ना?" म्हणाले. "समेवर यायचं असतं गं. पडायचं नसतं."

तेव्हापासून मोठमोठे ड्रॉप असलेलं काही वाजवताना मला उगाच अवघडायला होतं. हे त्यांनी मुद्दाम केलं असावं.

यादीतलं पहिलं नाव ब्राझीलचं. बेलो होरिझोंते नावाच्या शहरातला डीजे अँडरसन दो पाराइझो, अल्बम ‘केरिदाँव’, मार्चमध्ये आला, काढला युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्सने. ब्राझीलमध्ये ज्याला फंक म्हणतात त्याचा अमेरिकन फंकशी आता नावापुरताच संबंध उरलाय. ते तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या पार्ट्यांचं संगीत, एरवी ठासून भरलेलं आणि कर्कश. या माणसाने मात्र त्यातलं सगळं सामान घराबाहेर काढून ठेवलंय. एक ठोका. मग काहीच नाही. मग लांब कुठेतरी, रिकाम्या देवळात वाजावा तसा एक सूर. मग माणसाचा आवाज, अगदी कानाशी. पुन्हा काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ इतकं मोठं असतं की पहिल्यांदा ऐकताना मी केबल सुटली का ते तपासलं होतं.

मेमध्ये वाजवला. दुपारचे सव्वापाच, पत्रा तापलेला, दोन कूलर नुसतेच घरघरताहेत. अर्ध्या मिनिटात तीसेक माणसं माठापाशी. मी ट्रॅक बदलला आणि महिनाभर त्या फोल्डरकडे फिरकले नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी पहिला बरा पाऊस झाला. संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. इन्व्हर्टरवर कन्सोल आणि दोन टॉप एवढंच चालत होतं, दिवे नव्हते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यावर आणखी काही भरगच्च लावणं म्हणजे भांडणच झालं असतं. मला तो रिकामा माणूस आठवला. लावला. त्याने ज्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या त्यात पाऊस येऊन बसला. कुणी हललं नाही, म्हणजे माठाकडे हललं नाही. नाचत सगळेच होते, पण हळू, पाण्यात चालल्यासारखे. घरी येऊन बाबांना सांगितलं की तोच ट्रॅक मेमध्ये पडला आणि जूनमध्ये चालला. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. "दुपारी सव्वापाचला सूर्यास्ताचा मारवा तरी कोण ऐकेल?" म्हणाले.

निक लिऑन आणि एरिका द काझियर यांचा ‘बिकिनी’ तिसऱ्या रविवारी थोडक्यात बाद झाला. छान आहे, उन्हाळी, ती कानात कुजबुजल्यासारखं गाते. पण तो मीच इतक्यांदा ऐकला होता की तिसऱ्या खेपेला माझाच हात सैल पडला. आणि जॉय ऑर्बिसनचा ‘फ्लाइट एफएम’, जो २०२४मध्ये जगभर ज्या त्या डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये होता, तो आमच्याकडे एका वेगळ्याच कारणाने पडला: पत्रा. त्याचा सगळा जीव खालच्या बेसमध्ये. तो बेस सुरू झाला की आमच्या गोदामाचा पत्रा त्याच्या बोल्टांसकट खडखडायला लागतो आणि मूळ गाणं ऐकूच येत नाही. ही यादी त्या पत्र्यानेही केलेली आहे, हे मान्य करायला हवं. ज्याच्या क्लबला काँक्रीटचं छत आहे त्याची यादी वेगळी असणार.

ऑगस्टचं सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय सप्टेंबरचं कळणार नाही.

जन्माष्टमी सव्वीस तारखेला होती. पाऊस त्याआधीपासून थांबायचं नाव घेत नव्हता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी सव्वीस फुटांची, नदी पस्तिसाच्याही वर गेली. आजवा धरणाचं पाणी, वरचा पाऊस, नदीकाठी आपणच भरून काढलेल्या जागा, यांतलं कशाचं किती, यावर गावात अजून भांडणं आहेत. निम्मं शहर पाण्यात होतं. मगरी रस्त्यावर आल्या, ते व्हिडिओ देशभर फिरले आणि बाहेरच्या लोकांना बडोद्याचा पूर म्हणजे मगरी एवढंच लक्षात राहिलं. आम्हाला लक्षात राहिली ती शांतता. आमच्या भागात तीन दिवस लाइट नव्हती. पंखा नाही, फ्रिज नाही, मिक्सर नाही, शेजारचा टीव्ही नाही. एरवी चोवीस तास किती गोष्टी एका सुरात गुणगुणत असतात हे मला त्या तीन दिवसांत कळलं. फोनमध्ये अकरा टक्के चार्ज होता, त्यावर गाणी लावायची हिंमत नव्हती.

पाणी उतरल्यावर गोदामात गेलो. भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ, फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ. आमच्या साउंडवाल्याचे दोन बेस तिथेच ठेवलेले होते, कारण पुढच्या रविवारी लागणार होते. त्याने पान्याने जाळी काढली. आतला कोन कागदाचा असतो, हे मला माहीत होतं पण कधी पाहिलं नव्हतं. अठरा इंचांचा तो काळा कागद फुगून, लगदा होऊन एका बाजूला लोंबत होता. त्याने बोट लावलं तर बोट आत गेलं. मधली टोपी उचलली तेव्हा कॉइलच्या फटीत बारीक रेती बसलेली दिसली, दाबून भरल्यासारखी, आणि त्या रेतीत एक शंख, नखाएवढा, आत जीव असलेला. साउंडवाल्याने तो दोन बोटांत धरून बाहेरच्या डबक्यात नेऊन सोडला. मग परत येऊन म्हणाला, "नवरात्री माथे छे, बेन." नवरात्र डोक्यावर आलं होतं आणि वर्षाची निम्मी कमाई त्याची त्या नऊ दिवसांत होते. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

बावीस सप्टेंबरला आम्ही पुन्हा जमलो, ते नाचण्यापेक्षा एकमेकांना बघायला. गणपती झाले होते, पितृपक्ष लागला होता. एरवी पितृपक्षात मी वाजवत नाही, आईला चालत नाही. त्या वर्षी तीच म्हणाली, जा. साउंडवाल्याने नुसते टॉप आणले. बेस नाहीत. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक बेसशिवाय म्हणजे तरीशिवाय उसळ. माझ्या पेनड्राइव्हमधला नव्वद टक्के माल त्या दिवशी निकामी होता.

चाललं ते ‘एस्त्रादास’. लिस्बनची निडिया आणि लंडनमध्ये राहणारी इटालियन ड्रमर व्हॅलेंटिना मॅगलेटी, दोघींचा अल्बम, ताजाच आलेला. एकीची यंत्रं, दुसरीचे हात. सगळा जीव मधल्या सुरांत: कातडं, लाकूड, धातू. जिथे बेस हवा तिथे ढोलाची पोकळी आहे. टॉपमधून ते असं खणखणीत निघालं की पहिल्यांदाच मला वाटलं, बेसने आम्ही इतकी वर्षं किती गोष्टी झाकून ठेवल्या होत्या. बाबा त्या दिवशी आले होते. गाडीची चावी द्यायचं निमित्त. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मी पाहिलं, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू आहेत. निघताना म्हणाले, "ही मुलगी वाजवते." इतकंच. त्यांच्याकडून ‘वाजवते’ हे पूर्ण वाक्य आहे.

नवरात्रात मी वाजवत नाही, नाचते. आणि हे लिहिल्याशिवाय पुढचं नाव पटणार नाही. बडोद्याचा गरबा म्हणजे मोठं वर्तुळ, जिवंत गायक, घड्याळाच्या उलट दिशेने संथ चाललेली माणसांची नदी, मग ती हळूहळू वेग घेते. गावातल्या पोराला चालायला येतं त्याच्या पुढच्या वर्षी तीन टाळ्यांची तीन ताळी येते. गरब्याचा ताल हींच, तो सहा मात्रांचा. चार ठोक्यांच्या हाउस या डान्स संगीतात प्रत्येक ठोका तिनात मोडला की बारा होतात, म्हणजे हींचची बरोबर दोन आवर्तनं. हे गणित मी कधीतरी वहीत मांडलं होतं. माझ्यासमोर नाचणाऱ्यांना ते पायांत येतं. त्यामुळे जगात इतरत्र ज्या ठेक्यांना ‘अवघड’ म्हणतात ते इथे अवघड जात नाहीत. उलट सरळसोट चार-चार ठोके असतील तर लोक स्वतःहून त्यात काहीतरी तिरकं घुसवतात.

तर कोजागरीनंतरचा रविवार, वीस ऑक्टोबर. नऊ रात्री गरबा करून पोटऱ्या दगडासारख्या झालेली साठ माणसं. मी टांझानियाचं सिंगेली लावलं. सिस्सो आणि मायको, ‘सिंगेली या माजाबू’. दार-एस-सलामच्या वस्त्यांमधलं हे संगीत, वेग मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या पुढे. हाउस एकशेवीस-पंचवीसला असतं, म्हणजे कल्पना करा. वर कीबोर्ड असा सुसाट पळतो की मला लहानपणीच्या गणपतीतली बेंजो पार्टी आठवली, कॅसेट फास्ट फॉरवर्ड केलेली. याआधी मी सिंगेली दोनदा लावून पाहिलं होतं, दोन्ही वेळा लोक हसले आणि थांबले. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. नऊ दिवस ते याच वेगात होते. त्यांच्या लेखी मी दहावा दिवस लावला होता. दोन डेंटिस्टांपैकी एक जण घाम पुसत कन्सोलपाशी आला आणि ओरडून म्हणाला, "हे कुठलं मंडळ?"

तीन रविवारांचा नियम इथे मोडला, कारण आधीच्या दोन्ही वेळा माठापुढे गर्दी होती. पण नियम माझा आहे.

नोव्हेंबरात माझी फजिती झाली आणि ती सर्वस्वी माझ्या हाताने. नवा पेनड्राइव्ह घेतला, मोठा, घाईघाईत लॅपटॉपवर फॉरमॅट केला आणि एफएटी३२ऐवजी एक्सफॅट निवडलं. भाड्याचा प्लेअर जुना होता, त्याला ते वाचता येईना. स्क्रीनवर काही नाही. साडेचार वाजलेले, माणसं आलेली. पर्सच्या तळाशी, खडीसाखर आणि जुन्या पावत्यांच्या खाली एक जुना पेनड्राइव्ह सापडला. त्यात एकतीस गाणी. सव्वापाच तास आणि एकतीस गाणी, तीही जुनी.

त्यात चरणजित सिंग होते. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी थोडक्यात: मुंबईतल्या हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवणारा हा माणूस १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेऊन बसला, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि जुपिटर-८, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून मोकळा झाला. रेकॉर्ड विकली गेली नाही. टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारवाल्याच्या जागी चालावं म्हणून बनवलेलं, पण आवाज गिटारसारखा मुळीच येत नाही, म्हणून १९८४मध्ये बंदच पडलं. मग शिकागोच्या पोरांनी ते सेकंडहँड उचललं, त्याची बटणं पिळली आणि १९८७मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ आला, ज्याला ॲसिड हाउसची सुरुवात मानतात. चरणजित सिंगांची रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा लोक चक्रावले, कारण तेच यंत्र, तसाच पिळवटलेला आवाज, पाच वर्षं आधी. ‘भारताने आधी शोधलं’ असं म्हणण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मला तो होत नाही. शिकागोच्या कुणी ती रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. दोन माणसांना दोन गावांत एकच मशीन मिळालं, इतकीच ती गोष्ट आहे, आणि इतकीच असली तरी मला पुरते.

बाबा त्याही दिवशी होते. सप्टेंबरपासून चावी द्यायची निमित्तं वाढली होती. कलावती सुरू झाला आणि त्यांनी मान वर केली. "कलावती ना हा?" मी होकार दिला. थोडा वेळ ऐकलं. "पण याला गाडी कुठली पकडायचीय?"

मी त्या रात्री त्यांना अहमदाबादची गोष्ट सांगितली. इथून तास-दोन तासांच्या अंतरावर एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून दिला होता आणि तिथल्या लोकांनी त्यावर पुढची तीन वर्षं प्रयोग केले. त्यात गीता साराभाई होत्या, अतुल देसाई होते. टेपा कपाटात पडून राहिल्या. २०२३मध्ये त्यांचा संग्रह निघाला. १९६९मध्ये बाबा एकोणीस वर्षांचे होते, कॉलेजात, तबला शिकत होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? नाही म्हणाले. मग बराच वेळ गेल्यावर, दिवा मालवताना, "कुणी सांगितलं असतं तर गेलो असतो. मेमूचं तिकीटच काय असायचं." तेव्हा मेमू नव्हती. मी दुरुस्त केलं नाही.

शेवटचं नाव फ्लोटिंग पॉइंट्सचं, ‘की१०३’. याला अंडरग्राउंड म्हणावं का, यावर माझ्या ओळखीचा एक पोरगा तासभर भांडेल. सप्टेंबरात आलेला ‘कॅस्केड’ हा अल्बम जगभर गाजला. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेपर्ड, मँचेस्टरचा, मेंदूविज्ञानात पीएचडी, आणि ट्रॅकला नाव दिलंय लहानपणी ऐकलेल्या तिथल्या रेडिओ स्टेशनचं. मला तो आवडायचं कारण तो पडत नाही. सिंथची एक ओळ येते, तिच्यावर दुसरी चढते, मग पहिली कधी निघून गेली ते कळत नाही. आता येईल, आता येईल असं वाटत राहतं आणि लक्षात येतं की ते मघाशीच आलंय. बाबांच्या भाषेत, हा समेवर येतो.

एकोणतीस डिसेंबर, वर्षातला शेवटचा रविवार. थंडी बरी होती, स्वेटर काढून खुर्च्यांवर टाकलेले. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी तो लावला. तो चालू असताना मी काही करत नव्हते, हेडफोन गळ्यात, नुसती बघत होते. कुणी सुरू केलं ते मला दिसलं नाही. बहुधा फाइन आर्ट्सच्या मुली. आधी पाच-सहा जणी ओळीत सरकल्या, मग ओळ वाकली, मग त्यात सराफ आले, चुकून येणारे काका आले, आणि बघता बघता गोदामभर वर्तुळ झालं, घड्याळाच्या उलट. तीन टाळ्या आणि चौथी जागा मोकळी. चार ठोक्यांच्या हाउसमध्ये ती चौथी जागा इतकी चपखल बसत होती की जणू त्या माणसाने मँचेस्टरहून ती आमच्यासाठी सोडली होती. त्याने अर्थातच सोडलेली नव्हती. नव्या कोनांचे दोन बेस भिंतीशी होते, साउंडवाला त्यांच्यावर हात ठेवून उभा होता, ताप बघावा तसा.

नऊ पंचेचाळीसला मी फेडर खाली घेतला. नेहमी घेते तसा, सावकाश. आवाज गेला आणि वर्तुळ फिरतच राहिलं. टाळ्या चालू. पत्र्याखाली नुसत्या टाळ्या आणि पावलांचा घासल्याचा आवाज, अर्धा-पाऊण मिनिट तरी. मग शेजारच्या घराची खिडकी उघडली, तिथल्या काकू नेहमी दहाला पाच कमी असताना उघडतात, आणि त्यांनी विचारलं, "बंद कर्युं के?" मी म्हटलं, हो काकू, केलं कधीच.

आवरताना माठ पाहिला. ताक गळ्यापर्यंत तसंच होतं. थंडीचे दिवस, कोण पिणार म्हणा. डब्यात भरून घरी आणलं, दुसऱ्या दिवशी आईने त्याची कढी केली.